मॉलमध्ये आम्ही काय विकत घ्यायचो? काहीच नाही!

भोंगा (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०:१२

आमच्या चौकडीचं गणित पक्कं होतं. माणशी १० रुपये, एकूण ४०. सॉफ्टी कोन ७ रुपयांना, म्हणजे चौघांचे २८. उरलेल्या १२ रुपयांचं काय करायचं यावर डिलाईल रोडपासून फिनिक्स मॉलच्या गेटपर्यंत भांडण, आणि शेवटी ते १२ रुपये तसेच घरी परत. २००२ सालची, दहावीनंतरची सुट्टी. दुपारी एकला आत शिरायचो ते सहाला बाहेर.

घर दहा बाय बाराचं, माणसं सात. वरचा मजला, मे महिना, पत्रा तापलेला. दुपारी आजोबा झोपलेले, म्हणून घरात आवाज बंद. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या काकू विचारणार, "काय रे, अभ्यास नाही का?" आता परीक्षा संपल्यावर कसला अभ्यास! पण चाळीत मोकळा उभा असलेला मुलगा कुणाला बघवत नाही. त्याला लगेच दळणाला तरी पाठवतात नाहीतर रॉकेलच्या रांगेत.

मॉलमध्ये कुणी काही विचारत नव्हतं. एसीचं कौतुक मला नंतर सुचलं, आधी हे.

काय करायचो? गाण्यांच्या दुकानात भिंतीला हेडफोन टांगलेले असायचे. एक जण ऐकणार, बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत पाळीची वाट पाहणार. (पाळी हा आमच्या घरात आजोबांचा शब्द. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) १८०० रुपयांची जीन्स चढवून आरशात पुढून-मागून बघायची आणि "कमरेला जरा सैल होते" असं गंभीर चेहऱ्याने सांगून परत द्यायची. अत्तराच्या काउंटरवरच्या कागदी पट्ट्या खिशात भरायच्या. रात्री शर्ट धुवायला टाकला की आई म्हणायची, हा कसला वास? बोलिंगचा खेळ काचेबाहेरून बघायचा. कुणाचा बॉल कडेच्या खाचेत गेला की आम्ही अशी हळहळ करायचो, जणू आमचेच पैसे बुडाले.

तर मंडळी, आपापल्या आठवणी लिहा. नियम एकच: काय घेतलं ते सांगू नका. काही न घेता किती वेळ काढला ते सांगा.

---

खारीबटर · शनिवार, रात्री १०:३१

मी पयली!

ग्रीटिंग कार्डांचं दुकान. कॉलेज सुटल्यावर दोघी मैत्रिणी उभ्याउभ्या सगळी कार्डं वाचून काढायचो. ८५ रुपयांचं कार्ड कोण घेणार? त्यातल्या ओळी पाठ करून बाहेर यायचं, घरी कार्डपेपरवर स्वतःच्या अक्षरात उतरवायच्या आणि खाली फुलं काढायची. ज्याला दिलं त्याला वाटलं, काय कविता करते पोरगी! त्याच्याशीच लग्न झालं. हे गुपित आज इथे पहिल्यांदा फोडतेय. तो हे संकेतस्थळ वाचत नाही.

फ्रेंडशिप डेच्या आदल्या रात्रीचे मेसेज आठवतात का? सणावाराच्या दिवशी फुकट एसएमएसचं पॅक चालायचं नाही, मेसेजला एक रुपया. म्हणून सगळ्यांच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच येऊन पडायच्या. आमच्या पिढीची दिवाळी कायम एक दिवस आधी सुरू व्हायची.

---

शंकासुर · शनिवार, रात्री ११:०५

धागा चांगला आहे, पण थोडा कालक्रम लावू या.

१९९१मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप आलं, पण ते एक दुकान. मुंबईत ज्याला आपण मॉल म्हणतो तो १९९९चा क्रॉसरोड्स, हाजीअलीजवळ. त्याच वर्षी दिल्लीत अन्सल प्लाझा. (चेन्नईकर इथे स्पेन्सर प्लाझाचं नाव घेऊन भांडायला येतात. येऊ देत.)

क्रॉसरोड्सला सुरुवातीला इतकी झुंबड उडाली की व्यवस्थापनाने दारावर अट घातली: मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. १९९९मध्ये मोबाइल किती जणांच्या खिशात होता ते आठवून बघा. येणारा कॉल घ्यायलाही पैसे पडायचे तेव्हा. पुढे आरडाओरडा झाला आणि ती अट गेली. नंतर मॉलही विकला गेला, त्याचं सोबो सेंट्रल झालं आणि मग तिथे सामसूम झाली.

तेव्हा "कुणी काही विचारत नव्हतं" हे भोंगाभाऊंचं वाक्य २००२ला खरं. तीन वर्षं आधी दारातच विचारत होते.

---

भोंगा · शनिवार, रात्री ११:२०

मान्य. माझा चुलतभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता. एका मोठ्या दुकानाच्या दारात (नाव नको) वॉचमनने त्याच्या चपलेकडे बघितलं आणि काही न बोलता हात आडवा केला. पुढच्या वेळी तो मावसभावाचे बूट घालून गेला. बूट एक नंबर मोठे होते, आत कापूस कोंबला होता. आत सोडलं.

अट काढून टाकता येते हो, नजर कुठून काढणार?

---

रंकाळ्याचा वारा · शनिवार, रात्री ११:४८

तुम्ही मुंबईकरांनी आमच्यासारख्यांच्या जखमेवर मीठ चोळायचं बंद करा. आमच्या कोल्हापुरात कॉलेजात असताना मॉल नावाला नव्हता. आमचा मॉल म्हणजे रंकाळा. फूड कोर्ट म्हणजे भेळेच्या गाड्या. सरकता जिना नव्हता, पण घाटावर शेवाळ होतं, त्यावरनं माणूस आपोआप सरकायचा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मॉलात गेलो तो पुण्यात, एमपीएससीच्या क्लासला आलो तेव्हा. दोघं मित्र. सरकत्या जिन्यासमोर दहा मिनिटं उभे. लोक कसे पाय टाकतात ते बघितलं, मनातल्या मनात 'एक दोन तीन' केलं आणि शेवटी साध्या जिन्यानं वर गेलो. वर पोचल्यावर मित्र म्हणाला, "व्यायामाला हाच चांगला."

---

खारीबटर · शनिवार, रात्री ११:५५

शेवाळ! हहपुवा (हसून हसून पुरे वाट).

---

पेठेतली मांजर · रविवार, सकाळी ८:४०

पुण्याची बाजू मांडायला हवी. दुकानं एक ते चार बंद असण्यावर विनोद करायचा असेल त्यांनी आधी नवा विनोद शोधावा. मात्र मुद्दा तिथलाच आहे, म्हणून मीच काढते.

दुपार! कॉलेज साडेअकरा-बाराला सुटायचं. क्लास पाचला. मधले पाच तास जायचं कुठे? घरी गेलं तर आजी झोपलेली, पुन्हा बाहेर पडायला कारण लागणार. हाँगकाँग लेनमध्ये कानातली बघत अर्धा तास जातो. तुळशीबागेत उन्हातान्हात कोण फिरणार? वैशाली हॉटेलात बसायचं तर मागे रांग. तुमच्या शेवटच्या घासाकडे उभी माणसं अशी बघतात की सांबारात बुडवलेला वडा घशाखाली उतरत नाही. कॉफी संपली की उठा.

मग बंडगार्डन रोडला मल्टिप्लेक्स आला, मॉल आले. स्कूटीत ३० रुपयांचं पेट्रोल, तिघी जणी, तोंडाला स्कार्फ. स्कार्फमध्ये पुण्याची मुलगी सख्ख्या आत्याच्या शेजारून सिग्नलला निघून जाते आणि आत्याला कळत नाही. फूड कोर्टात एक मोठं कोल्ड्रिंक, तीन स्ट्रॉ. मागे रांग नाही, वेटर नाही, "अजून काही?" नाही. तीन वाजताच्या त्या रिकाम्या फूड कोर्टात आम्ही तिघींनी बारावीचं अकाउंट्स पूर्ण केलंय. ताळेबंद जुळला की टेबल वाजवायचो.

मॉलची संध्याकाळ मला कधीच आवडली नाही. संध्याकाळी खरेदीवाले यायचे.

---

भोंगा · रविवार, सकाळी ९:०२

"संध्याकाळी खरेदीवाले यायचे." दंडवत घ्या. आम्हीही सहा वाजले की निघायचो, कारण आता खरी गिऱ्हाइकं येणार हे आम्हालाही कळायचं.

---

टोकन सहा · रविवार, दुपारी १:१५

बरीच वर्षं इथे नुसती वाचते. आज लिहिते, कारण हा धागा दुसऱ्या बाजूने मला माहीत आहे.

मी २००५ ते २००९ एका मॉलमधल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात होते. नाव सांगत नाही. ट्रायल रूमच्या दाराशी उभं राहायचं, आत नेलेले कपडे मोजायचे आणि तेवढ्या नंबरचं टोकन हातात द्यायचं. सहाच्या वर कपडे आत न्यायला मनाई. माझं इथलं नाव त्यावरून आहे.

भोंगा यांच्यासारखी मुलं लांबूनच ओळखू यायची. चौघं एकदम येतात, सगळ्यात महागडी जीन्स उचलतात, किमतीचं लेबल बघत नाहीत. ज्याला घ्यायची असते तो आधी लेबल बघतो! आम्ही आपसात पैज लावायचो, हा आता काय सांगणार: कमरेला सैल, की रंग आवडला नाही?

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. दाराच्या चौकटीला एक मोजणी यंत्र असायचं. किती पावलं आत आली ते त्यात पडायचं, त्याला फूटफॉल म्हणायचे. संध्याकाळी त्या आकड्याशी बिलांचा आकडा ताडून बघायचे. शंभर माणसं आली आणि पंधरा बिलं झाली, तर बाकीच्या पंच्याऐंशींचा जाब आम्हाला. त्यावर महिन्याचा इन्सेंटिव्ह. तुम्ही चौघं दुपारभरात तीनदा आत-बाहेर केलंत की बारा माणसं झाली आणि बिल शून्य. म्हणून कधी कधी आमच्यातलं कुणीतरी तुमच्या मागे मागे फिरायचं. संशय म्हणून नव्हे हो, तुम्ही लवकर जावं म्हणून.

आणि तुम्ही सगळे बसायच्या जागेबद्दल लिहिताय म्हणून सांगते. फ्लोअरवर आम्हाला बसायची मुभा नव्हती. दहा तासांची ड्यूटी. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच. टेकलेलं दिसलं तरी टोकायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुली मागच्या जिन्यात, जिथून माल वर चढवतात तिथे, पायरीवर बसायचो आणि चपला काढून पोटऱ्या दाबायचो. समोर बाकं रिकामी असायची. पण युनिफॉर्मवर तिथे बसायचं नाही. केरळने २०१८मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क देणारी दुरुस्ती कायद्यात केली, २०२१मध्ये तामिळनाडूने. ती बातमी वाचली तेव्हा मी नोकरी सोडून बारा वर्षं झाली होती, तरी पोटऱ्या दुखल्या.

राग नाही तुमच्यावर. एकदा अशाच एका मुलाने महागडा शर्ट घातला, बाहेर आला आणि मलाच विचारलं, "ताई, खरं सांगा, बरा दिसतो का?" मी म्हटलं, राजबिंडा दिसतोस. त्याने शर्ट परत दिला, नीट घडी करून. घडी करून परत देणारा माझ्या चार वर्षांतला तो एकटाच.

---

पेठेतली मांजर · रविवार, दुपारी १:४०

टोकन सहा, आणखी लिहा. कृपा करून वेगळा धागा काढा.

---

जर्सीकर · रविवार, संध्याकाळी ६:२५

अमेरिकेतून माझे दोन आणे. मी अकरा वर्षांची असताना १९९४मध्ये आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. तिथे शाळेतल्या मुलींचं आयुष्य म्हणजे मेन्लो पार्क मॉल. आई त्याला शेवटपर्यंत "बाजार"च म्हणायची: "बाजारात चाललीस ना, मग येताना कोथिंबीर मिळते का बघ." मॉलमध्ये कोथिंबीर!

तिथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि सोळा-सतराव्या वर्षापर्यंत गाडी हातात येत नाही. म्हणून कुणाची तरी आई मुलींना मॉलच्या दारात सोडणार आणि चार तासांनी उचलणार. हिवाळ्यात तर चालायलाही तीच जागा. सांगलीहून आजोबा आले होते तेव्हा स्वेटर-माकडटोपी घालून रोज सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारायचे. दुकानं उघडायच्या आधी बरेच म्हातारे गोरे लोक तिथे असेच चालत असतात. आजोबांना एक भाषा येत नव्हती, त्या लोकांना दुसरी. तरी महिनाभरात पाच-सहा जणांचा गट झाला आणि आजोबा त्यांच्या पुढे चालायला लागले.

शंकासुर यांच्यासाठी: छताखालचा, सगळीकडून बंद, वातानुकूलित असा पहिला मॉल १९५६मध्ये मिनेसोटात एडायना इथे उभा राहिला, साउथडेल. आखणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाहून पळून आलेला ज्यू वास्तुरचनाकार. त्याच्या डोक्यात युरोपातला चौक होता. भोवती घरं, शाळा, दवाखाना आणि मध्ये लोकांनी निवांत बसायची जागा. झाली फक्त दुकानं आणि पार्किंग. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परत गेला आणि हे मॉल माझे नव्हेत म्हणून त्याने हात झटकले.

मिनेसोटातल्याच मॉल ऑफ अमेरिकाने १९९६पासून शुक्रवार-शनिवार संध्याकाळी सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मज्जाव केला. क्रॉसरोड्सला क्रेडिट कार्ड लागायचं, इथे आई.

---

शंकासुर · रविवार, संध्याकाळी ७:१०

"इथे आई." हे आवडलं.

आता गिरण्यांचा विषय कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. फिनिक्स ही मुळात १९०५ची कापड गिरणी. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे आजवर मागे घेतला गेलेला नाही. मुंबईच्या १९९१च्या विकास नियमावलीत कलम ५८ आलं. गिरण्यांची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू राहिली. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती! मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली.

भोंगाभाऊ २००२च्या सुट्टीत ज्या फरशीवर सॉफ्टी खात उभे होते, तिचा हा सातबारा.

---

रंकाळ्याचा वारा · रविवार, संध्याकाळी ७:२२

झालं. धाग्याचं काश्मीर होणार आता, नुसती भांडणं. अहो, आठवणींचा धागा आहे, जरा हसू द्या की.

---

बर्डीवाला · रविवार, रात्री ८:०५

काहून होईल काश्मीर? बरोबरच सांगून राहिले ते. आमच्या नागपुरातबी तेच आहे ना भाऊ. एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी काढली, १ जानेवारी १८७७ले. व्हिक्टोरिया राणीले त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. गांधीसागर तलावाच्या बाजूनं. मिल गेली आन् तिथं काय झालं? एम्प्रेस मॉल. नाव तेवढं ठेवलं बाप्पा.

आमचे मामाजी मिलमध्ये होते. मॉल झाल्यावर त्यायले घेऊन गेलो. गाडी लावायले खाली गेलो त मामाजी उभेच्या उभे. म्हणे, इथं आमचं खातं होतं. मी म्हटलं, मामाजी, हे पार्किंग आहे. म्हणे, तेच त सांगून राहिलो.

बाकी पोरंटोरं असताना आम्ही बर्डीवर इटर्निटी मॉलले जाऊन एसी खात होतो. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते तुमाले नाही समजणार. ४५ डिग्री! मॉलच्या काचेच्या दारापाशी उभं राहाचं, कोणी आत गेलं का दार उघडते अन् थंडी बाहेर येते. तेवढ्यावरबी भागत होतं आमचं.

---

भोंगा · रविवार, रात्री ९:३०

पाळीबद्दल पुन्हा कधीतरी, असं लिहिलं होतं. आता लिहितोच.

आजोबा साचेखात्यात (मागांवर) होते. कुठल्या गिरणीत ते सांगत नाही, तिथल्याच भागातली. संपानंतर परत घेतलं नाही. पुढची वीस वर्षं त्यांनी काय काय केलं ते या धाग्यात मावणार नाही, भाजीपासून वॉचमनकीपर्यंत. ते दुपारी झोपायचे, कारण रात्रपाळीचा वॉचमन होते. म्हणजे आजोबा झोपलेत म्हणून आम्ही घराबाहेर, आणि घराबाहेर म्हणून गिरणीत! हे मला सोळाव्या वर्षी कळलं नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. चिमणी तेवढी उभी होती, अजूनही आहे, आम्ही तिला "टॉवर" म्हणायचो. "सव्वा वाजता टॉवरखाली भेट."

आजी मात्र एकदाच आली होती, २००४ला, बिग बझारमध्ये साखर स्वस्त आहे हे चाळीत कळल्यावर. नऊवारी, हातात कापडी पिशवी, बरोबर शेजारच्या तिघी. सरकत्या जिन्यापाशी एक मुलगा नेमलेला असायचा, बायकांना हात द्यायला. आजीने हात धरला नाही. तिने पायऱ्यांकडे नीट बघितलं, कानाने ऐकलं म्हणा, आणि पट्ट्याच्या बेताने बरोबर पाऊल टाकलं. वर गेल्यावर म्हणाली, "एवढं काय त्यात. लग्नाआधी वायंडिंग खात्यात होते मी. चालत्या मशिनीवर हात कधी टाकायचा ते अंगात असतं."

मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की आजीही गिरणीत होती.

साखर घेतली. आणि मग बाकावर बसली, तासभर. चौघीही. आल्यागेल्याचे कपडे बघत, हसत. मी लांब उभा, कुणी मित्र बघेल म्हणून. (त्याची लाज आता वाटते, तेव्हा आजीची वाटत होती.)

---

खारीबटर · रविवार, रात्री ९:४१

मोदक (अनुमोदन). दुसरं काय लिहू.

---

स्लो लोकल · रविवार, रात्री ११:५०

लिहू की नको असं कालपासून चाललंय. लिहितेच.

डोंबिवली, २००४, मी अकरावीत. घरी सांगायचं "ठाण्याला क्लास", आणि जायचं मुलुंडला, निर्मल लाइफस्टाइलला. तो बंद डबा नव्हता, मोकळ्या रस्त्यासारखा मॉल होता, मोठा पडदा, समोर बसायला कट्टे. आता ते निर्मल राहिलं नाही. बरोबर क्लासमधला एक मुलगा. नुसते चालायचो हो, हातही धरलेला नव्हता.

बुधवार होता. तीन वाजलेले. कट्ट्यावर एक माणूस पाठमोरा बसून डबा खात होता. डब्याची पिशवी आधी दिसली. आईच्या जुन्या परकराची, निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती आईने स्वतः शिवली होती, तशी दुसरी असणं शक्य नव्हतं. बाबा रोज सकाळी आठ पाचला घरातून निघायचे. ऑफिस मुलुंडला नव्हतं.

मी पळायला हवं होतं. पायच हलले नाहीत. त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या शेजारी बघितलं, डब्याचं झाकण लावलं.

"क्लास सुटला?"

"हो." मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं ऑफिस?"

"सुटलं."

बस. तेवढंच. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "स्लोने जा. बसायला मिळेल."

कंपनीने सक्तीचीच म्हणावी अशी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) दिली होती, पाच आठवडे झाले होते. घरी सांगायला त्यांना आणखी दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत रोज सकाळी आई त्या पिशवीत डबा भरायची, मी समोर चहा पीत बसलेली असायचे, बाबा बूट घालत असायचे. त्यांनी माझं सांगितलं नाही, मी त्यांचं नाही. नंतर काही वेळा ठरवून तिकडे गेले नाही. त्यांना बसायला दुसरी जागा नव्हती, मला कॉलेजचा कट्टा तरी होता.

---

टोकन सहा · सोमवार, सकाळी ७:०५

अशी माणसं आम्हाला दिसायची. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, आणि दुपारी दोनला बाकावर. आम्हाला वाटायचं, बायकोची वाट बघत असतील.

---

शंकासुर · सोमवार, सकाळी ९:२०

माझ्याकडे यावर जोडायला काही सनावळी नाही.

---

रंकाळ्याचा वारा · सोमवार, सकाळी १०:००

ताई, बाबांचं पुढं काय झालं? आणि कालचं हसू द्या वगैरे मागं घेतो.

---

स्लो लोकल · मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. बाबांना वर्षभराने अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये हिशेबाचं काम मिळालं, पगार निम्मा, पण साठीपर्यंत टिकलं. आता बहात्तर पूर्ण आहेत, तब्येत ठीक.

काल रात्री त्यांना हा धागा वाचून दाखवला. आजवर त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. भोंगा यांच्या आजीचा सरकता जिना त्यांना फार आवडला, तो दोनदा वाचायला लावला. माझं आलं तेव्हा खाली बघत ऐकत होते. "सुटलं"पाशी जरा हसले.

मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, "तो चष्मेवाला कोण होता?"

मी म्हटलं, "क्लासमधला."

"बरं," म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.